घरात आणखी कोणी?

फेस, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय तौफीक,

तुला, हनानला आणि माझ्या सफाला ताईचे खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण शेजारणीशी भांडायला उठताना ते कधी आड येत नाहीत.

तू रागावला असशील. महिनाभर फोन करतोयस आणि मी उचलत नाही. तुझे आवाजी निरोप साठून राहिलेत. फोन बिघडलाय असं आईनं तुला सांगितलं असेल, तिला मीच तसं सांगितलंय. आता टपालानं पत्र आलेलं बघून म्हणशील, ताईला म्हातारचळ लागला. म्हण. टँजियरला बसून माणसाला काय, काहीही म्हणता येतं.

आपली तांबटआळी आहे तशीच आहे. सकाळी ठाकठोक सुरू झाली की दुपारच्या अजानपर्यंत खळ नाही. लग्नसराई ओसरली, त्यामुळे भाड्यानं गेलेले मोठे हंडे परत आलेत आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बा गेल्यावर त्यांचं दुकान बाईमाणूस चालवते हे अजून चार जणांच्या पचनी पडलेलं नाही. समोरचे बूश्ताकाका मात्र माझ्या बाजूचे. आता ते ठार बहिरे झालेत, त्यामुळे जे बोलतात ते सगळ्या आळीला ऐकू जातं. मागे एकदा त्यांनी मला तीन हाका मारल्या म्हणे. मी वळले नाही, तसा त्यांनी तांब्याचा तुकडा माझ्या पायाशी फेकला आणि ओरडले, "काय गं बतूल, जन्मात कधी हातोडी धरली नाहीस, आणि आमचा मान फुकटात लाटलास?"

सगळे हसले. तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे तांबटाचा कान गेला की तो उस्ताद झाला म्हणतात. मीही हसले.

थांबते. आई हाक मारतेय. म्हणजे मारत असावी, तिचे ओठ हलतायत.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल शुक्रवार, कुसकुसचा बेत होता, जेवायला पाहुणे होते, म्हणून लिहिलं नाही. खोटं. काल मला लिहायचं नव्हतं.

फोन बिघडलेला नाही, तौफीक. माझा डावा कान गेलाय, दोन वर्षं झाली. उजव्यात आवाज येतो, पण फोनवर शब्द येत नाहीत. तू बोलतोस ते मला पिंपात बसून बोलल्यासारखं वाटतं. तोलही जातो. जिन्यात भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आईला वाटतं, नवऱ्याशिवाय राहून मी भित्री झालेय.

काकांच्या त्या टोमण्यानंतर मी दवाखान्यात गेले. नळकांड्यात घालून डोक्याचा फोटो काढतात. आत हलायचं नाही, अर्धा तास नुसती धडधड. मला आपली आळीच आठवली. डॉक्टरीणबाई भल्या आहेत. समोर बसून, तोंड दिसेल असं बोलतात. म्हणाल्या, कवटीच्या तळाशी, कानाची नस जिथून मेंदूत शिरते तिथे गाठ आहे. डावीकडे ऑलिव्हएवढी, उजवीकडे हरभऱ्याएवढी. कॅन्सर नाही. पण वाढते. डावी काढलीच पाहिजे, नाहीतर मेंदू दाबेल. काढली तरी कान परत येणार नाही, आणि तोंडाची नस तिला चिकटलेली आहे, म्हणजे हसू वाकडं होऊ शकतं. उजवीला हात लावला तर उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल. नाही लावला तर सावकाश जाईल. कुठूनही निघायला दार नाही बघ. ९ डिसेंबरची तारीख दिलीय.

आता बांचं. मी त्यांच्याबद्दल सगळं सांगितलं. आधी एकच कान, मग झोक जाणं, मग दुसरा कान, मग तोंड एका बाजूला ओढलेलं, शेवटी जिन्यातलं पडणं. बाई म्हणाल्या, हातोडी असं करत नाही. हातोडी दोन्ही कान बरोबरीनं नेते, आणि माणसाला पाडत नाही. ही गाठ रक्तातून येते, बापाकडून लेकरात. पण ज्या आळीत सगळेच बहिरे, तिथे एकाच कानानं बहिऱ्याकडे कोण बघतो?

घर सोडलंस त्या दिवशी तू हातोडी आळीत भिरकावून म्हणालास, "हिनं तुमचे कान नेले, माझे नेऊ देणार नाही!" आणि निघून गेलास. बा मला विचारत राहिले, काय म्हणाला, काय म्हणाला पोरगा. मी चिडलेली होते. पाटीवर शब्दन् शब्द लिहून दिला. त्यानंतर तीन वर्षं, मरेपर्यंत, ते कानाला हात लावून म्हणायचे, "मीच केलं, माझ्याच हातानं केलं." जो गुन्हा झालाच नव्हता त्याची माफी मागत माणूस गेला, तौफीक. तू बोललास आणि मी लिहून दिलं. मला अजून झोप येत नाही.

पण हे सांगायला मी एवढी शाई घालवली नाही.

बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणी आहे का, एक कान पुढे करून बसणारं?" मी म्हटलं, कोणी नाही.

मोठ्या ईदचा दिवस आठव. गच्चीवर सफा माझ्याजवळ येऊन बसली. पडलेला दात कुठे लपवलाय ते तिला मला सांगायचं होतं. ती माझ्या डावीकडे बसली, मला ऐकू येईना, म्हणून मी उठून तिच्या डावीकडे गेले. म्हणजे ती माझ्या उजवीकडे आली. तर तीही उठली आणि पुन्हा माझ्या डावीकडे येऊन बसली. मी परत उठले, तीही उठली. तू हसत म्हणालास, "काय जात्यासारख्या फिरताय दोघी!" सगळे हसले, आणि मला वाटलं, खेळतेय पोर.

ती खेळत नव्हती. मलाही माझ्या उजवीकडे माणूस हवं होतं आणि तिलाही तिच्या. शेजारीशेजारी बसलेल्या दोघींना ते कधीच मिळत नाही.

तीन आठवडे हे मनात घेऊन बसलेय. तू कान वाचवायला त्या हातोडीपासून पळालास, आणि मी तुला लिहू की ते दुखणं तुझ्या रक्तातून तुझ्यासोबतच गेलं? माझा हात धजावेना. माझ्याबद्दल नाही रे, तुझ्या सात वर्षांच्या पोरीबद्दल.

आज एवढं कर. सफाच्या मागे बस, तिचा उजवा कान तळव्यानं घट्ट झाक आणि डाव्या कानाशी हळू विचार, दात कुठे लपवलास? तिनं सांगितलं तर हे पत्र फाड आणि मला हव्या तेवढ्या शिव्या दे. गप्प राहिली तर तिला घेऊन ९ तारखेच्या आत ये. स्वतःचीही तपासणी करून घे. बाई म्हणतात, लवकर कळलं की हातात काहीतरी उरतं. मला आणि बांना ते मिळालं नाही.

आणि तिला सांग, आत्या आता तिच्या समोर बसेल. दात कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टरांना 'कोणी नाही' म्हणालेली तुझी ताई,
बतूल