शनिवारचा उपास करणारे आमचे पणजोबा

मुक्काम पहूर

तीर्थरूप सेगुलाआत्यास,

ठाण्याच्या एलीचा शालोम आणि वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? (माझे पहूरच्या एसटीत जे म्हणाले ते वडीलधाऱ्यांना लिहिण्याजोगं नाही.) तिकडे इस्राएलात, अश्दोदला सगळे सुखरूप असाल. मीही खुशाल आहे. फक्त उपास करून करून माझं वजन तीन किलो वाढलं आहे, त्याचा खुलासा पुढे येईल.

तू फोनवर म्हणालीस की अठ्ठ्याऐंशीची झाले, डोळे मिटायच्या आत आजोबांच्या नावाने एकदा तरी बरोबर वर्षदिनाला कद्दिशची प्रार्थना होऊ दे, तेवढी तारीख शोधून आण. मला वाटलं, चार दिवसांचं काम. आपल्याकडे होता एकच कागद: बिन्यामिन रहमिम झिराडकर, हॉस्पिटल असिस्टंट, पहूर. १९१७ साली प्लेग येतोय म्हटल्यावर त्यांनी पणजीला आणि मुलांना अलिबागला धाडलं, स्वतः मागे राहिले, आणि मग नुसता ‘गेले’ एवढा निरोप आला. कधी गेले, कुठे पुरले, काही नाही.

म्हणून आधी एका कचेरीत गेलो (नाव लिहीत नाही, पुन्हा काम पडेल). तिथे अर्धा जिल्हा आपापले पणजोबा शोधत होता! सगळ्यांना जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा हवा असतो. कारकुनाने मला विचारलं, कोणत्या सवलतीसाठी? म्हटलं, कसल्याच नाही, प्रार्थनेसाठी. त्याने चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं की मलाच स्वतःची काळजी वाटली. तरी बिचाऱ्याने दोन दिवस धूळ खाऊन १९१७ची मृत्यूची नोंदवही काढली. उघडली तर आत नुसती वाळवी.

मी पायरीवर डोकं धरून बसलो, तेव्हा रांगेतल्या अभिमन नावाच्या शेतकऱ्याने काय झालं ते विचारलं. सगळं सांगितल्यावर म्हणाला, पहूरचे म्हणता तर आमच्या कौतिकनाना पाटलांकडे चला, त्यांचे भाट आलेत सध्या. (भाट म्हणजे घराण्याच्या पिढ्या वहीत लिहून ठेवणारे, काही वर्षांनी येतात, नवी नावं चढवतात आणि जुनी वाचून दाखवतात.) मी म्हटलं, आपण कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, पाटलांच्या वहीत आपलं काय? पण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नाना ओसरीवर केळी खात बसले होते. मी पणजोबांचं नाव घेतलं आणि ते केळं तसंच हातात धरून उठले. ‘‘आमच्या डाक्टरचे पणतू? आन् आतापावतर कुठी व्हते तुम्ही?’’ त्यानंतर, आत्या, मी सख्ख्या भाऊबंदासारख्या शिव्या खाल्ल्या. अमक्याच्या लग्नाला आलो नाही, तमक्याच्या दहाव्याला आलो नाही! प्लेगात सगळं गाव मळ्यात झोपड्या घालून राहिलं तेव्हा दवाखान्याचा हा माणूस झोपडी-झोपडीत फिरला. नानांचे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते, ते वाचले. पणजोबा त्याच दुखण्याने गेले. नानांच्या पणजोबांनी भाटाला सांगून त्यांना वहीत स्वतःचा धाकटा भाऊ म्हणून लिहून घेतलं. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं: ‘भाऊ बिन्यामिन डाक्टर, कार्तिक वद्य सप्तमी, शके १८३९.’ त्यांचा महिना चंद्राचा, आपलाही चंद्राचा, म्हणून हिशेब सरळ लागतो: आपला किस्लेव महिना, हनुक्काच्या सणाच्या चार दिवस आधी. आत्या, तारीख मिळाली!

आता उपासाचं. पणजोबा शनिवारी चूल पेटवत नसत, म्हणून या मंडळींनी ठरवलं की डॉक्टर मारुतीचा शनिवार धरतात. तेव्हापासून हे घर त्यांच्यासाठी शनिवार करतं. मीही त्यांचाच म्हणून मला तीन शनिवार साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि केळ्याचे वेफर्स (आणि शेजारच्या घरात वांग्याच्या भरिताचा वास!). मी आपला शब्बाथ समजावून सांगितला, की शनिवारी काम आणि चूल बंद, जेवण नव्हे. नाना म्हणाले, ‘‘वार तं तोच हाये ना?’’ मी आणखी भगर वाढून घेतली.

कबर त्यांच्याच केळीच्या बागेत आहे, झाडून सारवून ठेवलेली. तिथे मी म्हटलं, कद्दिशला आपली दहा माणसं लागतात. नानांनी चौदा आणली, चार राखीव. ‘आपली’ म्हणजे ज्यू, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या चौदा जणांपुढे कद्दिश म्हटला आणि शेवटी मला रडू आलं. किस्लेवमध्ये ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये रीतसर म्हणेनच. तूर्त तुमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझ्झानसाहेबांना यातलं काही सांगू नकोस. या माणसांचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही.

तुझा,
एली

ता. क. भाटबुवा आपल्या सगळ्यांची नावं वहीत चढवणार आहेत. तुझं वय मी ऐंशी सांगितलंय.

ता. क. २. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. दर पितृपक्षात सप्तमीला हे पणजोबांच्या नावाने पान वाढतात. एकशे आठ वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. काल नानांच्या पत्नी सुनंदाबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, ‘‘आता त्यांचे घरचे सापडले, तं हक्क तुमचा. आम्ही पान वाढणं बंद करू का?’’ त्यांचे डोळे भरले होते. मी तुला न विचारता ‘नका करू’ सांगून टाकलंय. पण घरात मोठी तू आहेस. तेव्हा तुझ्या हाताने चार ओळी लिही, की वाढत राहा म्हणून. मी थांबलोय.