तंबाखूच्या कुलपांबाबत लेखी तक्रार

नागभीड, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यानीस आत्याचे आशीर्वाद.

रविवार, २६ जानेवारी रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, झेंडावंदन झाल्यावर, मी जिथे मुख्याध्यापिका होते त्याच शाळेच्या ओट्यावरून तू जे भाषण केलेस, त्याबद्दल हे पत्र आहे. तू, हैदराबादची हवा आणि तुझ्या प्रयोगशाळेतले उंदीर बरे असतील, असे धरून चालते.

तू म्हणालीस, स्नायूंवर बारीक कुलपे असतात. शरीर आपली किल्ली फिरवते, तेव्हा हात उचलतो, पापणी उघडते. इथवर ठीक. पण तंबाखूतले निकोटीनही त्या कुलपांत बसते, म्हणून त्यांना निकोटीनचेच नाव पडले, हे सांगायची काय गरज होती? तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या गावात हे बोलणे म्हणजे अस्वलाला मोहाच्या झाडाचा पत्ता देणे. एका आजारात शरीर स्वतःच ही कुलपे मोडते, मग संध्याकाळी पापणी पडते, घास चावताना जबडा थकतो, आणि तू त्यावरच्या औषधासाठी झटते आहेस, हे कोणी ऐकलेच नाही. (मी ऐकले.)

तिसऱ्या दिवशी शाळेसमोरच्या पानठेल्यावर झिंगूने पाटी लावली: 'स्नायूंची कुलपे उघडणारा खर्रा. डॉ. दिव्यानी म्याडम यांचे संशोधन.' अठरा वर्षे मी पोरांचे खिसे उलटे करून खर्ऱ्याच्या पन्न्या जप्त केल्या, त्याचे हे फळ. आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या रुखमाबाईने माझ्या धाकाने खर्रा सोडला होता. आता ती गाल फुगवून पोळ्या लाटते. रागावले तर म्हणते, "बाई, कुलूप हाये तं किल्ली टाका लागन का नाई? तुमचीच भाची सांगून गेली. तुमाले बी देऊ का चिमूटभर? पापनी पडून राह्यली तुमची." (राइस मिलचा कोंडा डोळ्यात जातो, दुसरे काही नाही.)

मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः पाटी उतरवायला गेले. झिंगूला चांगले सुनावत होते, पण चौथ्या वाक्याला जबडा दमला आणि ऐन धमकीच्या वेळी डावी पापणी खाली आली. तो ठेल्यावरच्या मंडळींना म्हणाला, "बाईनं इशारा केला भाऊ, पाटी राहू द्या." अडुसष्टाव्या वर्षी मी पानवाल्याला डोळा मारला, असे गावभर झाले आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसनी मान ताठ ठेवायला शिकवले होते. पापणीचे राहून गेले.

तरी निकोटीन हे औषध नव्हे, असे सहीशिक्क्यानिशी लिहून पाठव. मी ते पाटीवर चिकटवणार आहे.

तुझी आत्या,
शशिकला

ता. क. पडलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून ती वर आली तर त्या आजाराचा संशय धरावा, असे तू म्हणाली होतीस. परवा वीज नव्हती, म्हणून मासळीवाल्या कोलूकडून बर्फ आणला. शेजारची मांजर तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. पापणी वर आली.

आणखी एक. पाटीचे राहू दे. तुझे औषध कुठवर आले आहे आणि तोवर नागपुरात कोणाला दाखवू, एवढेच लिही. तुझ्या बापाला कळवू नकोस. फोनही करू नकोस. फोनवर तू 'काही नाही गं आत्या' म्हणशील. कागदावर तुला खोटे लिहिता येत नाही, ते मीच शिकवले आहे. उत्तर गुरुवार, २० तारखेला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे. पाचनंतर मला प्रत्येक ओळ दोनदा दिसते, आणि असली बातमी एकदाच वाचलेली बरी.