दुसरा नंबर कुणाचा

१९ मे, सोमवार

फॉर्म आजपासून माझ्या गळ्यात. तळोद्याच्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचा, प्रवेशाचा. उमाकांत सर नाशिकहून फोनवर म्हणाले, हेमकांत, तुझ्या जिल्ह्याचं काम आहे, तूच कर. माझा जिल्हा म्हणजे शहाद्याच्या स्टँडमागे एक खोली, एक पंखा, एक लॅपटॉप. आई गेल्यापासून प्रकाशा गावातल्या घराला कुलूप. दोन वर्षं झाली. भाऊ-बहीण नाही, तिथे कुणाचं तोंड बघत राहायचं?

काम सोपं. चुकीचं भरलं तर ते ब्राउझरमध्येच अडवायचं, सर्व्हरपर्यंत जाऊच द्यायचं नाही. वर डोंगरात नेट रडतखडत चालतं. फॉर्म जाऊन, चूक घेऊन परत येईपर्यंत माणूस ताटकळतो. म्हणून पानातच स्क्रिप्ट — आधारचे अकराच अंक टाकले, लगेच लाल अक्षरं. आत्ताच सुधारा.

२१ मे

संस्थेची अट आली : पालकांचे दोन नंबर, दोन्ही वेगळे. गेल्या वर्षी एक मुलगी आजारी पडली आणि तिच्या बापाचा फोन दोन दिवस लागलाच नाही म्हणे. अट बरोबर आहे. लिहिली. दुसऱ्या नंबरापुढे नातं निवडायचं — आई, काका, मामा, आजोबा. मी 'इतर' ठेवत होतो. सर म्हणाले, काढ ते, सगळे तेच निवडून मोकळे होतात.

मग स्वतःच भरून बघितला. पहिला नंबर माझा. दुसरा?

बसलो विचार करत. सुरतला एकत्र राहायचो त्या पोराचा नंबर बदलला. चुलत्यांशी बोलणं नाही. सरांचा टाकणार? शेवटी आईचा टाकला. हिरवी टिक आली! स्क्रिप्टला काय — दहा अंक, पहिला सहा ते नऊ, झालं. पलीकडे कुणी उचलणारं आहे का हे तिला कळत नाही.

फार वाईट वाटलं. खाली जाऊन दोन कट चहा प्यायलो.

२६ मे, सोमवार

फॉर्म सुरू झाले. माझ्या खोलीखालीच रंजनाबाईंचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. दीड वर्षात आमचं बोलणं पाण्याच्या टाकीपुरतंच. आज त्या जिन्यातून वर आल्या. "भाऊ, तुन्हं पान मन्ही सासूपेक्षा जास्त कटकट करस." डोंगरातली माणसं दोन्हीकडे एकच नंबर सांगतात, पान पुढे सरकत नाही. मी म्हटलं, नीट विचारा, आळस करतात लोक.

२९ मे

रंजनाबाई हुशार! दुसऱ्या रकान्यात दहा वेळा नऊ. असे तेवीस फॉर्म गेले. मीही काही कमी नाही. सगळे अंक सारखे असले तर अडवायचं, नऊपासून शून्यापर्यंत उलटे ओळीने असले तरी अडवायचं. दोन ओळींचं काम. सर शाब्बास म्हणाले. दिवसभरात माझ्याशी बोललेला एवढाच माणूस.

३ जून, मंगळवार

आज रंजनाबाईंनी एका माणसालाच वर पाठवलं. दलसिंग, धडगावच्याही वरच्या पाड्यातला. सोबत मुलगी रिना, सहावीला जाणारी. पहाटे निघालेले, दोन जीप बदलून आलेले. चपला दाराबाहेर काढून दोघं उभेच. बसा म्हटलं तरी बसेनात.

मी तोंड वाकडं करूनच विचारलं, दुसरा नंबर का देत नाही?

"साहेब, पाड्यात फोन एकच आहे. दुसरा कुठून आणू?"

फोन पाड्यातल्याच बाज्या नावाच्या माणसाचा. पाड्यावर रेंज एकाच मोहाच्या झाडाखाली येते, तिथे तो फांदीला डब्यात टांगलेला असतो. वाजला की जवळचं कुणीतरी उचलतं आणि ज्याचा असेल त्याला हाक मारतं. अख्ख्या पाड्याचा तो एक नंबर. दिवाळीनंतर सगळे ऊसतोडीला गुजरातेत जातात, बाज्याही जातो, मग डबा रिकामा. आणि मी आळशी म्हणत होतो! आठ दिवस माणसांना लाल अक्षरं दाखवत होतो.

शेवटची तारीख पाच. प्रवेश नाही तर रिना आईबापाबरोबर उसाच्या फडावर, शाळा संपली. सरांना लगेच फोन लावला. नियम संस्थेचा आहे, हात लावू नकोस, म्हणाले.

ब्राउझरची स्क्रिप्ट बंद करून रिकामा रकाना पाठवता आला असता. सर्व्हर काहीच तपासत नाही, सगळी भिस्त माझ्या पानावर. पाठवणारही होतो. तेवढ्यात रिनाने विचारलं, "मी आजारी पडले तर ते कोणाला फोन करतील?"

माझाच नंबर टाकला. नातं — यादी उघडली, 'इतर' तर मीच काढलेलं. दलसिंगने यादी बघितली, मला बघितलं आणि 'मामा'वर बोट ठेवलं.

फॉर्म गेला. निघताना दलसिंगने पिशवीतून चारोळीची पुडी काढून टेबलावर ठेवली. नको म्हणू शकलो नाही.

६ जून

पुडी अजून तशीच आहे. खायला जीव होत नाही.

१६ जून, सोमवार

सरांचा फोन, आवाज चढलेला. एकच नंबर एक्केचाळीस फॉर्ममध्ये दुसरा संपर्क म्हणून आहे, सगळीकडे मामा. बोगस आहे, संस्थेला कळायच्या आत ते फॉर्म रद्द करून टाक, आणि तो नंबर पानात कायमचा अडव. नंबर वाचून दाखवला. माझा! सरांच्या फोनमध्ये मी नावानेच आहे, माझे अंक त्यांना पाठ नाहीत.

खाली गेलो. रंजनाबाई नजर चुकवत म्हणाल्या, "दलसिंगच्या फॉर्ममा तुन्हा नंबर पास व्हई गया ना भाऊ. त्यासले दुसरं कोन शे?" आधी राग आला. ओरडणारच होतो. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांच्याकडे बसलो.

वर येऊन ओळ लिहिली : हा नंबर आला तर अडवा. एकच ओळ. माझे दहा अंक तिथे बघत तासभर बसलो. मग पुसली.

सरांना सांगितलं, नंबर खरा आहे, मी तपासलाय. फॉर्म रद्द करणार नाही.

"उचलतं का कुणी?"

"उचलतो," म्हणालो. कुणाचा आहे ते सांगितलं नाही. कळलं तर काम जाईल. घाबरलोय, खोटं कशाला लिहू.

२३ जून

एक्केचाळीसही मुलींना प्रवेश. मी दिवसभर फोन चार्जिंगला लावून बसलो. वाजला नाही. वाजू नये हेच बरं, तरी बघत होतो.

२ जुलै

कुणी नाही. फक्त रिचार्ज संपत आल्याचा मेसेज.

९ जुलै, बुधवार

सव्वाअकराला वाजला. तळोद्याचा नंबर. रिनाला रात्रीपासून ताप, पाड्यावर कुणी उचलत नाही. "आपण मामा ना तिचे?" वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं. हो म्हणालो. चारोळीची पुडी पिशवीत टाकली. तळोद्याची बारा वाजताची बस आहे.