चौदा नंबरचा कान

११ नोव्हें. २००६, शनिवार. दौंड
मेंढ्यांच्या रक्ताच्या बावीस नमुन्यांचा निकाल काल पुण्याच्या प्रयोगशाळेत आला. एकवीस नेहमीच्या गोचीड-तापाचे, अक्षरन् अक्षर जुळले. चौदा नंबर कशाशीच जुळत नाही. जगभरच्या जनुक-साठ्यात टाकून पाहिला. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून जे नाव येतं, तेही बरंच लांबचं.

सूक्ष्मदर्शकाखाली चौदा वेगळा दिसला नव्हता. तांबड्या पेशीत ठिपके, बाकीच्यांसारखेच. 'नेहमीचा' हा शेरा माझ्याच हातचा. जनुक वाचलं नसतं तर तो तसाच राहिला असता.

माझे मार्गदर्शक सर पडद्याकडे बघत होते. मग एवढंच, "पुन्हा कर."

माझ्याच हातून काही मिसळलं असेल. हातमोजे बदलले होते का? बदलले होते, नोंद आहे. तरी.

१६ नोव्हें., गुरुवार. पुणे
चौदाचं रक्त टिपलेल्या त्याच फिल्टर पेपरचा दुसरा तुकडा कापून सगळं पहिल्यापासून केलं. तेच आलं. रेघा स्वच्छ, कुठे दुसऱ्याची सरमिसळ नाही.

सरांनी पहिल्यांदाच चहा मागवला. "नवीन जंतू असणार. तीस तारखेला शोधनिबंध पाठवू. ठिकाण नीट लिहून दे. उद्या लोक तिथेच जाऊन शोधतील."

लिहिलं : मांडवगण फराटा, ता. शिरूर.

उद्या वहीत पुन्हा बघते.

१७ नोव्हें.
वही काढली. नं. १४. दौंडला खाटीक चाचांकडे कापलेली मेंढी, रक्ताचा थेंब, तारीख. शेजारी कानाचं चित्र : उजवा टोकाला तिरका, डाव्याला दोन चिरा. ही आमच्या घरची खूण. पुढे गाव : मांडवगण.

बाकी एकवीस वेळा चाचांना विचारून गाव लिहिलंय. चौदाला विचारलं नाही. कान बघितला आणि लिहून टाकलं.

शाळेचं तोंड बघितलं नऊ वर्षांची झाल्यावर. तोवर मेंढरांमागे. आईने कोळशाने अक्षरं काढून दिली, आबांनी कानांवर मोजायला शिकवलं. "कान बघ, घर कळंल." कधी चुकले नव्हते.

१८ नोव्हें., शनिवार. दौंड
चाचांच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, थांबले.

"काय डॉक्टरीणबाई, आज कुणाचं रक्त प्यायला आलात?"

चौदाची तारीख सांगितली, चित्र दाखवलं. त्यांना आठवत होतं. कपाळावर पांढरा टिळा, मागचा पाय जरा लंगडा. "तुझ्याच घरचं कान हाय, असं म्हणालो तवा हसलीस की तू."

हसले होते. खरं आहे.

"कुणाकडनं घेतली, चाचा?"

"कुरकुंभची बाई होती. घासाघीस म्हंजी काय, घाम काढला माझा. नाक डिट्टो तुझ्यासारखं."

हिराआत्या, कुरकुंभला दिलेली.

१९ नोव्हें., रविवार. मांडवगण
आबा गोठ्यापुढे लोकर विंचरत होते. विचारलं. त्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"हिराला आंदण दिल्याली मेंढरं न्हवं का ती? त्यांच्या वाणाला सासरची चीर लावत न्हाईत. कान माहेरचंच ऱ्हातं."

मला माहीत होतं. धाकट्या आत्याच्या लग्नात आंदणाच्या कोकरांचे कान मीच धरले होते. माहीत होतं आणि लिहिताना आठवलं नाही.

म्हटलं, आबा, तुम्हीच शिकवलंत, कान बघ.

"कानावरनं घर कळतं गं पोरी. ती कुठं चरली ते कान काय सांगणार?"

२१ नोव्हें. पुणे
सरांना सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

"दोन्ही गावांत अंतर किती?"

"तीसेक किलोमीटर. पण मध्ये भीमा आहे, सर."

"मग नुसतं पुणे जिल्हा लिही. खोटं आहे का ते?"

खोटं नाही. पण मग गोचीड कुठे शोधायची? कुणाच्या मेंढरांना जपायला सांगायचं? म्हटलं, थोडी मुदत द्या, गाव नक्की करून आणते. सर म्हणाले, "आठपर्यंत थांबतो. आठ डिसेंबर. पुढे नाही."

आभार मानायचेही राहिले.

२४ नोव्हें., शुक्रवार. कुरकुंभ
आत्या सापडली. कारखान्यांच्या मागच्या माळावर, एकाच्या रानात मेंढरं बसवलीत. अजून दोन दिवस, मग घाटाकडे निघणार.

"आगं बया! एवढी शिकून मेंढराचं कानच बघतीस व्हय अजून?"

जेवल्याशिवाय बोलू देईना. मग स्वतःच बोलली. दिवाळीपासून चार मेली. ताप, चारा सोडतात, गळ्याखाली गाठी. "सुई दिली, गोचीडाचं औषध लावलं. काय फरक न्हाई. कवा कुठली बसंल सांगता येत न्हाई बघ."

नेहमीचा गोचीड-ताप असता तर त्या सुईने उतरला असता. म्हणजे चौदाचं घर इथेच. वहीत 'कुरकुंभ' लिहायला पेन काढलं.

मग विचारलं, टिळ्याची लंगडी मेंढी इथेच वाढली ना?

"लंगडी व्हय? ती तर आखाड-सरावण आबाकडंच व्हती. चालवंना म्हणून तिकडं सोडल्याली. दसऱ्याला आणली."

पेन परत ठेवलं. गोचीड तर पावसाळ्यातच चिकटते, म्हणजे ताप तिने मांडवगणहूनच आणला असेल तर...

नऊ मेंढ्यांच्या कानाच्या शिरेतून थेंब घेतले. आत्या एकेकीचं डोकं मांडीत धरून बसली. निघताना, "औषध कवा देशील?" मी औषध देत नाही, हे तिला कसं सांगायचं.

२६ नोव्हें., रविवार. मांडवगण
आमच्याही नऊ मेंढ्यांचं रक्त घेतलं. वरून सगळी ठणठणीत.

मला माझी भीती वाटते. कुठलं गाव निघालेलं बरं, हे मनात येत राहतं. मांडवगण निघालं तर निबंधात एक अक्षर बदलायला नको. पण मग आमचीही मेंढरं...

म्हणून रक्ताच्या थेंबांचे अठराही कागद आईला दिले. तिने माझ्याकडे पाठ करून मिसळले, नवे नंबर घातले, कुठला कुणाचा ती यादी करून पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं. पाकीट आबांनी फेट्यात खोवलं.

"सरकारी कागद हाय का?"

"त्याहून मोठा. मी मागितला तरी आठवड्याच्या आत देऊ नका."

"तू मागशील असं वाटतंय व्हय तुला?"

मी कागद पिशवीत भरले.

६ डिसें., बुधवार. पुणे
अठरापैकी दोन चौदासारखे. नं. ६ आणि नं. ११. अक्षरन् अक्षर तेच. म्हणजे चौदा चूक नव्हती. आहे, आणि कुठेतरी अजून पसरतंय.

सरांनी विचारलं, कुठले? म्हटलं, आबांच्या फेट्यात आहे. ते हसले नाहीत. "उद्या सकाळी जा. परवा मला गाव पाहिजे."

आत्ता घरी फोन लावला. आईला सांगितलं, आबांना म्हणावं पाकीट उघडू नका, मी आल्यावरच. ती म्हणाली, बरं. मग जाता जाता, आपली बांडी मेंढी सकाळपासून चारा घेत नाही, थंडी बाधली असेल.

कुठली बांडी, तिचा कान कसा, असलं काही विचारलं नाही. म्हटलं, आई, जा आणि गळ्याखाली हात लावून बघ.

ती फोन तसाच ठेवून गेली आहे. मी कानाशी धरून हे लिहितेय. लांबून मेंढरांचा आवाज येतोय, मध्ये आबा काहीतरी बोलले, कळलं नाही. आई अजून आलेली नाही.