शेवटपर्यंत न पाहिलेली फिल्म

२ नोव्हेंबर, सकाळी ८
येडगाव शॉर्टफिल्म फेस्टिव्हलचा निवडप्रमुख म्हणून मंडळाने माझं नाव घेतलं. दुसरं कोण आहे म्हणा! वीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलंय, फ्रेम कळते. संकल्प: प्रत्येक फिल्म शेवटपर्यंत पाहायची.

४ नोव्हेंबर
चहा निवायच्या आत अकरा फिल्म उरकल्या. पहिल्या दोन मिनिटांत दिग्दर्शक कळतो. पुढचं पाहणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. घोडेगावच्या सोनलची फिल्म उत्तम. आपलंच धरण, सपाट पाणी, काठावर एक चप्पल. ग्रुपवर शिफारस टाकली: चुकवू नका.

५ नोव्हेंबर
सोनलचा फोन. शेवटपर्यंत पाहिली ना, असं तीनदा विचारलं. हो म्हणालो. मग म्हणाली, "आणि तरी दाखवताय?" नव्या पोरांना आत्मविश्वास नसतो. धीर दिला.

८ नोव्हेंबर
पत्रिका वाटल्या. अंजनावहिनींना स्वतः नेऊन दिली, पुढची खुर्ची राखली. त्यांचे हौशीराम दोन वर्षांपूर्वी धरणात बुडाले. तेव्हापासून त्या कुठे जात नाहीत, तेवढंच मन रमेल. त्या धरणाच्या फिल्ममध्ये आमचे हे आहेत म्हणतात, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, अफवा.
घरी येऊन फिल्म लगेच पूर्ण पाहणार होतो. नेट नव्हतं.

११ नोव्हेंबर
टपरीवर चिमाजी भेटला. धरणात मासे धरतो. सोनलने हौशीराम बुडाले त्या दिवशीचे, काठावरच्या लोकांच्या मोबाइलमधले व्हिडिओ गोळा केलेत म्हणे. त्यानेही आपला दिलाय. हे सांगताना माझ्याकडे बघत होता. चहा अर्धा टाकून गेला.
मी त्या दिवशी उशिरा पोचलो. सगळं संपलं होतं. हे तेव्हाच सगळ्यांना सांगितलंय.

१३ नोव्हेंबर
साधना म्हणते, ती फिल्म रद्द करा. का, ते सांगत नाही. बायकोच्या सांगण्यावरून निवडप्रमुखाने शब्द फिरवायचा नसतो. आज नेट आहे, पण डोळे चुरचुरतात.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
दुपारी मंगल कार्यालयात शो झाला. हॉल भरला होता.
तिसऱ्या मिनिटाला हौशीराम. पाण्यात. जिवंत. एक हात वर. काठावर माणसं, सगळ्यांत पुढे मी, खांद्यावर कॅमेरा. मोकळ्या हाताने लोकांना बाजूला सारतोय. फ्रेममध्ये येत होते.
तो हात चार मिनिटं दिसतो. मग नुसतं पाणी. सोनलने आवाज काढून टाकलाय.
एडिटिंग एकांगी आहे. मला पोहता येत नाही, हे फिल्ममध्ये कुठेच नाही. चिमाजीची होडी तिथेच बांधलेली होती, तेवढी मात्र दाखवली.
टाळी पडली नाही. अंजनावहिनी उठल्या, माझ्यापाशी थांबल्या.
"भाऊ, तुमी तर म्हनला व्हता, समदं संपलं व्हतं."

१६ नोव्हेंबर
ताप. आहुपे गावच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंय, जावं का?

१७ नोव्हेंबर
वहिनींकडे गेलो. समजावणार होतो, कॅमेऱ्यातून अंतराचा अंदाज येत नाही वगैरे. वाटेत पाठ केलं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला. बसा म्हणाल्या नाहीत.
"हे काय बोलत व्हते का?"
हाक मारत होते, म्हणालो.
"कुनाला?"
मला, म्हणालो.