आठव्या दिवसाचं खरं

प्रिय धाकटे,

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून दचकू नकोस. फोन तू उचलणार नाहीस, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. म्हणजे, आता बरी आहे.

गेल्या महिन्यात माझा डावा पाय सुजला. दिवसभर शिलाई मशीनवर बसून अवघडला असेल म्हणत चार दिवस अंगावर काढले. पोटरी दगडासारखी झाली, चप्पल शिरेना, तेव्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी साडेतीन सेंटिमीटर जास्त. जन्म गेला लोकांची मापं घेण्यात, स्वतःचं घ्यायचं सुचलं नाही बघ. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. आधी पोटात इंजेक्शनं, आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, घट्ट पायमोजा, आणि तासातासाला उठून चालायचं.

बाईंनी विचारलं, आई कशानं गेली? बाळंतपणात, आठव्या दिवशी, म्हणाले आणि तिथेच अडले. आईचा डावा पाय उशीवर असायचा. सुजलेला. मी नऊ वर्षांची. आत्या म्हणायची, 'चेप जरा, अवघडलाय.' त्या दुपारीही मी चेपतच होते. आई एकदम उठून बसली, 'श्वास लागतोय गं' म्हणाली, आणि संपलंच. गुठळी सुटून छातीत गेली असणार, बाई म्हणाल्या. माझ्या चेपण्यानं का, असं धीर करून विचारलं. 'ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीला दोष देऊ नका,' म्हणाल्या.

आणि आपल्या घरानं आठ दिवसांच्या पोरीला दिला! 'आईला खाऊन आली' हे ऐकतच तू मोठी झालीस. दोन वर्षांपूर्वी भांडणात मीही तेच बोलले, वर खरं तेच बोलते म्हणाले. ते खरं नव्हतं गं. कधीच नव्हतं.

तुला पाचवा महिना लागल्याचं आत्याकडून कळलं. माझ्या तपासणीत गुठळ्या होण्याचा दोष रक्तातच निघालाय. आईकडून आला असावा, तुझ्यातही असू शकतो. गरोदरपणात आणि नंतरही धोका जास्त. रिपोर्ट सोबत जोडलेत, उद्याच तुझ्या डॉक्टरांना दाखव. वेळेत कळलं तर सांभाळता येतं. एक पाय सुजला किंवा दम लागला, तर तासभरही थांबू नकोस. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस हवं तर. पण एवढं कर.

तुझीच,
ताई