नर्सबाईच्या शेजारची कबर

२८ ऑक्टोबर
आले बाई एकदाची सासरी! पुंडलिकनगरच्या दोन खोल्या सोडून हर्सूलपलीकडच्या या गावात. अभय माझ्या जाडजूड भाकरीचंही कौतुक करतो, आणखी काय हवं! घरामागंच चर्च, त्याच्या आवारात महायुद्धातल्या गोऱ्या शिपायांच्या कबरी. त्यांचं इथं कोण आहे? म्हणून गावातल्या घरांनी एकेक कबर सांभाळायला वाटून घेतलीय. आमच्या वाट्याला एक तरुण नर्सबाई आलीय.

३१ ऑक्टोबर
परवा मृतांचा दिवस. अभय सकाळपासून नर्सबाईचा दगड घासतोय. माझ्यासाठी आणलेली शेवंतीची वेणी, त्यातली अर्धी तिला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिच्याशीच लग्न करायचं होतं म्हटलं, तर हसला मेला. सासूबाई म्हणतात, ती घरातलीच समज, लई मायाळू हाये.

२ नोव्हेंबर
प्रार्थना झाली. सगळे आपापल्या कबरीवर मेणबत्त्या लावत होते. अभय नर्सबाईपुढं डोळे मिटून, बायको शेजारी उभी आहे याचं भानच नाही. मग मीही माझी मेणबत्ती शेजारच्या शिपायाला लावली. वर उरलेली वेणी वाहिली. म्हटलं, जळू दे अभयला! सासूबाई किंचाळल्याच. त्या कबरीला पुरुषांनीच मेणबत्ती लावायची असते म्हणे. बाईनं लावली तर तो तिला आपली बायको समजतो. मला हसू आवरेना. अभय मात्र दिवसभर माझ्याभोवती घोटाळला. जिरवली की नाही!

४ नोव्हेंबर
अभयनं मागून येऊन मिठी मारली आणि गुदमरून खाली कोसळला. त्याच्या मानेवर बोटांचे वळ. माझ्या जवळ आला की असंच होतंय. गारखेड्याचे डॉक्टर येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही. सासूबाई रडतायत, अभयपासून लांब राहा म्हणतात. मीच माझ्या हातानं काय करून बसले हे!

५ नोव्हेंबर
ओसरीवर बसलेय. शेजारी कुणीतरी बसलंय. बुटांचा, ओल्या मातीचा वास. माझा पदर त्याच्या मुठीत— दिसत नाही, पण सुटतही नाही.

६ नोव्हेंबर
आत अभयच्या उशाशी ती नर्सबाई बसलीय. पांढरा झगा. कपाळावर हात ठेवलाय. त्याचा श्वास परत येतोय— वाचवतेय ती त्याला. कळतंय मला. मी आत गेले तर तो मरेल, तेही कळतंय.

पण तिनं त्याचे केस सारखे केले. माझ्यादेखत! आणि तो हसला— तिच्याकडं बघून—

नाही बघवत. उठलेय मी. हा शिपाई माझ्या मागोमाग येतोय. अभय घुसमटतोय, मान हलवतोय, येऊ नको म्हणतोय— मला! तिला नाही, मला—

उंबरा ओलां—